फायबर दारात, अडसर कार्डात

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत गोव्याच्या गावागावांत फायबर पोहोचले. १९१ ग्रामपंचायतींच्या आपल्या लहानशा राज्यात आज माध्यमिक विद्यालय, वाचनालय, पतसंस्था यांपैकी कोणाच्याही कार्यालयात डोकावले तर भिंतीवर फायबरचा पांढरा डबा आणि त्याचे लुकलुकणारे दिवे हमखास दिसतात. तरीही ‘नेट आहे, पण चालत नाही’ ही तक्रार पूर्वीइतकीच कानावर येते. दोष बहुतेक वेळा सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या माथी मारला जातो, आणि कधीकधी तो तिचा असतोही. परंतु संगणक शिक्षक म्हणून नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर फोंडा, डिचोली व सत्तरी या तालुक्यांतील अनेक संस्थांची संगणकजोडणी पाहताना मला वारंवार असे आढळले की, फायबर व्यवस्थित आहे, दरमहाचे बिलही वेळेवर भरले जाते, पण सारी वाहतूक ज्या राऊटरमधून जाते त्यातील नेटवर्क कार्डालाच, म्हणजे नेटची वायर ज्यात खोचतात त्या भागालाच, ती पेलत नाही. या कार्डाच्या निवडीकडे आपल्याकडे कोणीच लक्ष देत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. कार्यालयातून बाद झालेल्या डेस्कटॉप संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवायची, एकाला बाहेरची जोडणी आणि दुसऱ्याला आतला स्विच जोडायचा, आणि त्यावर फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी किंवा लिनक्स यांसारखी युनिक्स घराण्यातील प्रणाली चढवायची, की त्याचा उत्तम राऊटर होतो. ओपनबीएसडीच्या ३.० आवृत्तीबरोबर २००१ साली आलेले ‘पीएफ’ हे फायरवॉलचे, म्हणजे कोणती वाहतूक आत-बाहेर जाऊ द्यायची ते ठरवणारे, सॉफ्टवेअर पुढे फ्रीबीएसडीतही आले; त्याच पायावर उभे असलेले पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स हे राऊटरच्या सॉफ्टवेअरचे तयार संच ब्राउझरमधून चालवता येतात, त्यामुळे आज्ञा पाठ नसलेल्या शिक्षकालाही ते सांभाळणे जमते. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, सुरक्षेच्या सुधारणा वर्षानुवर्षे मिळत राहतात, आणि कोणत्या संगणकाने किती वापर केला याची नोंद आपल्याच हाती राहते. घरात चार मोबाईल आणि एक टीव्ही असेल तर बाजारातील तयार राऊटर पुरेसा आहे, त्यासाठी हा खटाटोप मी कोणाला सांगणार नाही. मात्र तीस-चाळीस संगणकांची प्रयोगशाळा चालवणाऱ्या शाळेसाठी या मार्गाची मी नेहमीच शिफारस केली आहे आणि आजही करतो. म्हणूनच तो एका चुकीच्या कार्डापायी बदनाम झालेला मला पाहवत नाही.

फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात घडलेला प्रसंग सांगतो. शाळेने ३०० मेगाबिटची नवी जोडणी घेतली होती. राऊटर म्हणून दहा-बारा वर्षांचा जुना डेस्कटॉप ठेवला होता आणि त्याच्या जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये, म्हणजे मदरबोर्डावरील कार्ड बसवण्याच्या खाचांत, एका दुकानदाराने दोन स्वस्त कार्डे बसवून दिली होती. खोक्यावर ‘गिगाबिट’ असे ठळक छापलेले होते. जोडणी झाली त्या संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या संगणकावर स्पीड टेस्ट घेतली, आकडा २८० च्या वर गेला, सर्वांचे समाधान झाले आणि दुकानदाराचे बिल मंजूर झाले. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी प्रयोगशाळेतील ३८ संगणक एकाच वेळी कामाला लागले. काही मुले चित्रफीत पाहत होती, काही प्रकल्पाच्या फाइली वर चढवत होती आणि कार्यालयात परीक्षेचे अर्ज भरणे चालू होते. अकराच्या सुमारास शाळेतून मला फोन आला. “सर, दिवे सगळे पेटतात, पण काहीच उघडत नाही.”

मी पोहोचलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. राऊटरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून मी ‘टॉप’ ही, प्रोसेसरचा वेळ कशात जातो ते दाखवणारी, आज्ञा टंकली. अक्षरे पडद्यावर उमटेनात. चार-पाच सेकंदांनी एक अक्षर आले, मग पुन्हा शांतता. शेवटी पडदा भरला तेव्हा त्यावर इंटरप्टचा, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला मारलेल्या हाकांचा, वाटा ९० टक्क्यांच्या वर दिसत होता. संगणक आपला जवळजवळ सगळा वेळ ‘पॅकेट आले, पॅकेट आले’ ही हाक ऐकण्यातच घालवत होता. (पॅकेट म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीचा एक तुकडा.) आतल्या कार्डाची वायर मी उपसली, त्याच क्षणी यंत्र शुद्धीवर आले आणि अधीरपणे मी मारलेल्या साऱ्या कळांची अक्षरे एका दमात पडद्यावर ओतली गेली. वायर परत लावली आणि अर्ध्या मिनिटात सारे पुन्हा ठप्प झाले. माझ्या शेजारी उभे असलेले प्रयोगशाळेचे शिक्षक म्हणाले, “म्हणजे सर, कंपनीला आपण उगाचच चार फोन केले.” त्यांचे म्हणणे खरे होते.

याचा हिशेब मी त्यांना फळ्यावर मांडून दाखवला होता, तो इथेही देतो, कारण कार्ड निवडण्याची सारी कळ याच हिशेबात आहे. आपण वेग मोजतो तो बिटांत, पण राऊटरला कष्ट पडतात ते पॅकेटांचे. प्रत्येक पॅकेट मोठे असो वा लहान, ते स्वीकारणे, त्याचा पत्ता वाचणे, फायरवॉलचे नियम लावणे आणि दुसऱ्या कार्डाकडे सोपवणे हे काम जवळजवळ सारखेच असते. इथरनेटच्या वायरवर पॅकेट ज्या वेष्टणातून जाते त्याला चौकट (फ्रेम) म्हणतात. सर्वांत लहान चौकट ६४ बाईटची. तिच्या आधीचे ८ बाईट आणि दोन चौकटींमधले सक्तीचे १२ बाईटांचे अंतर धरले तर ती वायरवर ८४ बाईट, म्हणजे ६७२ बिट जागा घेते. एक गिगाबिटची वायर अशा चौकटींनी पूर्ण भरली तर एका सेकंदात १४,८८,०९५ पॅकेटे येतात. तीच वायर सर्वांत मोठ्या नेहमीच्या चौकटींनी भरली तर सेकंदाला सुमारे ८१,२७४ पॅकेटेच येतात. आकडा दोन्हीकडे एक गिगाबिटच दिसतो, पण राऊटरच्या कामात अठरापटीचा फरक पडतो. पहिल्या परिस्थितीत एका पॅकेटामागे अवघे ६७२ नॅनोसेकंद हाती असतात. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्या वेळात जेमतेम दोन हजार ठोके टाकतो.

आता स्पीड टेस्ट काय करते ते पाहा. ती भरभरून मोठी पॅकेटे ओढते, तीही एकाच संगणकावर आणि बहुतांशी एका वेळी एकाच दिशेने. प्रत्यक्ष वापरात मात्र लहान पॅकेटांची रेलचेल असते. इंटरनेटवरून आवाजाचा कॉल चालू असेल तर सर्वसाधारणपणे दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० लहान पॅकेटे एका दिशेने जातात आणि तितकीच उलट दिशेने येतात. फाइल उतरवताना साधारण दर दोन मोठ्या पॅकेटांमागे पोहोचल्याची एक लहानशी पोच परत जाते. संकेतस्थळाचे नाव शोधण्याची प्रत्येक विचारणा हे आणखी एक लहान पॅकेट. एका संगणकावर उत्तीर्ण झालेला राऊटर ३८ संगणकांसमोर का कोसळतो, याचे हे पहिले कारण आहे.

दुसरे कारण स्लॉटचे. जुना ३२ बिटांचा, ३३ मेगाहर्ट्झचा पीसीआय मार्ग सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाईट वाहून नेतो, आणि त्यावरची सगळी कार्डे हा एकच मार्ग वाटून घेतात. राऊटरमध्ये प्रत्येक पॅकेट हा मार्ग दोनदा ओलांडते, एकदा बाहेरच्या कार्डातून स्मृतीत येताना आणि एकदा स्मृतीतून आतल्या कार्डाकडे जाताना. म्हणजे कागदावरच हाती उरतात सुमारे ६६ मेगाबाईट, म्हणजे ५३० मेगाबिटांच्या आसपास, त्यातही जाणारी आणि येणारी वाहतूक दोन्ही मावली पाहिजे. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत. अशा मार्गावर बसवलेल्या कार्डाच्या खोक्यावर ‘गिगाबिट’ छापलेले असणे म्हणजे पायवाटेवर महामार्गाची पाटी लावण्यासारखे आहे. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक स्लॉटला स्वतंत्र मार्ग मिळतो. पहिल्या पिढीच्या एका लेनवरून, म्हणजे त्या मार्गाच्या एका पदरावरून, प्रत्येक दिशेने सेकंदाला २५० मेगाबाईट, दुसऱ्या पिढीत ५०० आणि तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५ मेगाबाईट जातात. एका गिगाबिट पोर्टला पहिल्या पिढीची एक लेनही चालते, चार पोर्टांच्या कार्डाला मात्र चार लेन हव्यात. काही मदरबोर्डांवर दिसायला लांब असलेल्या स्लॉटमध्ये आत तारा चारच लेनच्या असतात, म्हणून स्लॉटची लांबी पाहून भुलू नये, मदरबोर्डाची पुस्तिका उघडावी.

तिसरे कारण इंटरप्टचे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. साधे कार्ड प्रत्येक पॅकेट आल्यावर प्रोसेसरला हातातले काम सोडायला लावते. पॅकेटे थोडी असतील तर काही बिघडत नाही. ती वाढली की एक वेळ अशी येते की प्रोसेसर नवी पॅकेटे उतरवून घेण्यातच गुंततो आणि उतरवलेली पुढे पाठवायला त्याला उसंतच मिळत नाही. आत येते बरेच, बाहेर जात नाही काहीच. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या संशोधकांनी १९९६ साली या अवस्थेचा अभ्यास मांडला आणि तिला ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ म्हटले. फोंड्याच्या त्या शाळेत मी पाहिले ते अक्षरशः हेच होते. यावर दोन बाजूंनी उपाय झाले. प्रणालीच्या बाजूने, इटलीतील संशोधक लुइजी रिझो यांनी फ्रीबीएसडीत पोलिंगची सोय आणली, म्हणजे कार्डाने हाक मारण्याऐवजी प्रोसेसरनेच ठरावीक वेळाने जाऊन पाहायचे. लिनक्समध्ये ‘नापी’ नावाची व्यवस्था हेच करते. कार्डाच्या बाजूने, चांगली कार्डे अनेक पॅकेटे जमवून मग एकदाच हाक मारतात. हाका आवरण्याची ही सोय कार्डात आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडच्या कोटेशनमध्ये मी आजवर एकदाही वाचलेला नाही. याच रिझो यांनी पुढे २०१२ साली ‘नेटमॅप’ हे पॅकेटे झपाट्याने हाताळणारे सॉफ्टवेअर दाखवले, ज्यात ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या, प्रोसेसरच्या एकाच कोअरने (गणना करणाऱ्या एका भागाने) १० गिगाबिटची वायर लहानांत लहान पॅकेटांनी, म्हणजे सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटांनी भरून दाखवली. कार्ड आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीतले ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, नीट असले तर बेताचा प्रोसेसरही किती काम उपसतो, याचा याहून चांगला दाखला माझ्यापाशी नाही.

कार्ड वाईट म्हणजे नेमके काय, हेही एकदा उलगडून सांगतो. २००० नंतरच्या दशकात आपल्या बाजारात घरोघरी बसलेले १०० मेगाबिटचे कार्ड म्हणजे रिअलटेक ८१३९ चिपचे. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणारे बिल पॉल यांनी ड्रायव्हरच्या मजकुरातच या चिपविषयीची आपली नाराजी अगदी स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवली आहे. कारण असे की, ही चिप आलेली सर्व पॅकेटे एकाच सलग जागेत ओतते, त्यामुळे प्रत्येक पॅकेट तिथून उचलून दुसरीकडे उतरवून ठेवण्याचे काम प्रोसेसरवर पडते. आणि पाठवताना पॅकेट स्मृतीत ठरावीक मापाच्या सीमेवरच सुरू झाले पाहिजे, म्हणून अनेकदा तीच उतरवणूक पुन्हा करावी लागते. चांगले कार्ड प्रोसेसरला हात लावू न देता पॅकेट थेट योग्य जागी ठेवते आणि फक्त नोंद कळवते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच कंपनीच्या पुढच्या गिगाबिट चिपांत ही अडचण उरली नाही, आणि साध्या टेबलावरच्या संगणकासाठी त्या उत्तम चालतात. राऊटरची गरज मात्र वेगळी असते. त्याच्यातून एकाचे नव्हे, सगळ्यांचे पॅकेट जाते.

मग घ्यावे कोणते? माझा अनुभव आणि मत असे की, कंपनीच्या नावाआधी चिपचा क्रमांक आणि त्या चिपचा ड्रायव्हर पाहावा. फ्रीबीएसडीसाठी इंटेल ही कंपनी बरीच वर्षे स्वतः ड्रायव्हर पुरवत आली आहे, म्हणून गिगाबिटसाठी तिच्या ८२५७४, आय२१० किंवा आय३५० या चिपांची कार्डे मी निःशंकपणे सुचवतो. यांतील ८२५७४ मध्ये पॅकेटांच्या दोन रांगा असतात, आय२१० मध्ये चार आणि आय३५० मध्ये प्रत्येक पोर्टला आठ. या रांगांचा उपयोग असा की कार्ड प्रत्येक जोडणीचा पत्ता पाहून तिची पॅकेटे एका ठरावीक रांगेत टाकते आणि प्रत्येक रांग प्रोसेसरचा वेगळा कोअर सांभाळतो. दहा गिगाबिटसाठी इंटेलच्या ८२५९९ खेरीज चेल्सिओ आणि मेलानॉक्स यांच्या कार्डांनाही फ्रीबीएसडीत चांगले ड्रायव्हर आहेत. नुसत्या नावावर विसंबून मात्र चालत नाही. इंटेलच्याच २.५ गिगाबिटच्या आय२२५ या चिपच्या आरंभीच्या आवृत्तीत दोन पॅकेटांमधल्या अंतराचा दोष निघाला आणि ती सुधारून पुन्हा काढावी लागली. याउलट काही नव्या चिपा स्वतः बऱ्या असतात, पण त्यांचा ड्रायव्हर मूळ प्रणालीत नसतो, वेगळा उतरवून बसवावा लागतो, आणि प्रणाली अद्ययावत केल्यावर एके दिवशी राऊटर कार्डच ओळखेनासा होतो. म्हणून खरेदीआधी त्या आवृत्तीची हार्डवेअरची यादी उघडून तिच्यात आपली चिप आहे का, एवढे पाहावेच. फ्रीबीएसडीत कार्डाचे नावच ड्रायव्हरवरून पडते. ‘ईएम’, ‘आयजीबी’ किंवा ‘आयएक्स’ दिसले की इंटेल, ‘आरई’ दिसले की रिअलटेक. आधीच बसवलेल्या राऊटरमध्ये काय आहे हे ‘पीसीआयकॉन्फ’ या आज्ञेने, आणि लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ने, मिनिटभरात कळते.

रांगांच्या बाबतीत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण इथे अनेक जाणकारही फसलेले मी पाहिले आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ फायबर जोडण्या वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड देऊन, म्हणजे पीपीपीओई पद्धतीने, सुरू होतात. या पद्धतीत मूळ पॅकेटावर आणखी एक वेष्टण चढते. अनेक कार्डांना त्या वेष्टणाच्या आतला पत्ता वाचता येत नाही, त्यामुळे बाहेरून येणारी सगळी पॅकेटे एकाच रांगेत, म्हणून एकाच कोअरच्या गळ्यात पडतात, आणि उरलेले तीन कोअर हातावर हात ठेवून बसतात. अशा ठिकाणी आठ रांगांच्या कार्डासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा एकेका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर घेणे शहाणपणाचे ठरते. फ्रीबीएसडीत पुढचे काम इतर कोअरांवर वाटण्याची जी सेटिंग आहे, तिचाही काही प्रमाणात उपयोग होतो. ओपनबीएसडी वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण तिच्यात पॅकेट पुढे पाठवण्याचे काम बरीच वर्षे एकाच कोअरवर चालत असे.

कार्डाच्या खोक्यावर मोठ्या अभिमानाने लिहिलेल्या काही सोयी राऊटरमध्ये बंद कराव्या लागतात, हे ऐकून संस्थाचालकांना आश्चर्य वाटते. ‘एलआरओ’ नावाची सोय आलेली अनेक लहान पॅकेटे जोडून एक मोठे बनवते आणि ‘टीएसओ’ मोठ्या मजकुराचे पॅकेटांत तुकडे करण्याचे काम कार्डाकडे देते. ज्या संगणकावर पॅकेटाचा प्रवास संपतो किंवा सुरू होतो तिथे या सोयी लाभाच्या आहेत. राऊटर हा केवळ मधला टप्पा आहे. दुसऱ्याची पॅकेटे जोडून त्यांचे मूळ रूप बदलण्याचा त्याला अधिकार नाही, आणि तसे केले की काही संकेतस्थळे अर्धवट उघडणे, फाइल मध्येच अडकणे असे विचित्र दोष निघतात ज्यांचा माग लागता लागत नाही. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये यांसाठी सेटिंगच्या पानावर खूण करायच्या साध्या चौकटी दिलेल्या आहेत. राऊटर बसवला की आधी तिकडे जावे.

त्या शाळेत आम्ही दोन्ही स्वस्त कार्डे काढून एका सर्व्हरमधून निघालेले, इंटेलच्या चिपचे, दोन पोर्टांचे पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवले. संगणक तोच, प्रोसेसर तोच, स्मृती तेवढीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे ३८ संगणक लावले, तर इंटरप्टचा वाटा १५ टक्क्यांच्या आत राहिला आणि राऊटरच्या कीबोर्डावर अक्षर टंकताक्षणी उमटू लागले. वापरलेले कार्ड घेण्यात मला काही गैर वाटत नाही, कारण सर्व्हरची कार्डे रात्रंदिवस चालण्यासाठीच बनवलेली असतात. सावध राहायचे ते नकली मालापासून. इंटेलच्या चार पोर्टांच्या कार्डांच्या हुबेहूब नकला जगभर विकल्या गेल्या आहेत. किंमत संशय यावा इतकी कमी, पोर्टांमागचे भाग बिनाछापाचे आणि पट्टीवरचे मुद्रण पुसट दिसले तर कार्ड परत करावे. दुसरी काळजी उष्णतेची. सर्व्हरमधली कार्डे जोरदार वाऱ्याच्या झोताखाली राहण्यासाठी घडवलेली असतात आणि आपण ती पंखा बंद पडलेल्या डेस्कटॉपमध्ये बसवून लाकडी कपाटात कोंडतो. तांब्याच्या वायरीवरचे १० गिगाबिट विशेष तापते. तेवढ्या वेगाची खरोखर गरज असेल तर एसएफपी प्लसचे, म्हणजे फायबर जोडता येणारे, पोर्ट असलेले कार्ड आणि फायबर किंवा आखूड थेट केबल घ्यावी. मात्र ३०० मेगाबिटच्या जोडणीसाठी १० गिगाबिटचे कार्ड घेणे हा निव्वळ संस्थेच्या पैशाचा अपव्यय आहे.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. समुद्राजवळच्या एका वाचनालयात आठवड्यातून दोनदा मध्येच बंद पडणारा राऊटर मी उघडला, तेव्हा कार्डाच्या सोनेरी दातांवर काळसर हिरवी साय धरलेली होती. शाळकरी मुलाच्या खोडरबराने ते दात हलक्या हाताने घासून, पुसून कार्ड परत बसवले आणि ते निमूटपणे चालू लागले. खारट, दमट हवेत वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, कार्ड काढून पाहणे हा उपाय फुकटचा आहे. विजेचे संकट मात्र याहून मोठे आहे. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा चिऱ्याच्या दोन इमारतींमध्ये उघड्यावरून टाकलेली तांब्याची नेटवर्क वायर ही संकटाला आमंत्रण असते. इथरनेटच्या पोर्टात १५०० व्होल्टपर्यंतचे विलगीकरण असते, पण विजेच्या लोटापुढे ते कोठे पुरे पडणार? दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावे, आणि राऊटरशेजारच्या कपाटात त्याच चिपचे एक जास्तीचे कार्ड पिशवीत घालून ठेवावे. वेगळ्या चिपचे ठेवले तर ऐन वेळी कार्डाचे नाव बदलते आणि फायरवॉलचे सारे नियम नव्याने लावत बसावे लागते.

संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि पंचायत सचिव यांना माझी कळकळीची विनंती आहे की, दरपत्रक मागवताना ‘गिगाबिट पोर्ट : २’ एवढ्यावर थांबू नये. चिपचा क्रमांक, ती कोणत्या ड्रायव्हरवर चालते, पोर्टमागे रांगा किती आणि कार्डाला किती लेनचा स्लॉट लागतो, एवढी माहिती पुरवठादाराकडून लेखी घ्यावी. ज्याला ती देता येत नाही त्याने ते कार्ड कधी नीट पाहिलेलेच नाही, असे समजण्यास हरकत नाही. बिल मंजूर करण्याआधी एका संगणकावरची स्पीड टेस्ट पुरेशी मानू नये. राऊटरच्या दोन बाजूंना दोन संगणक जोडून, ‘आयपर्फ’सारख्या मोफत साधनाने ६४ बाईटची पॅकेटे दोन्ही दिशांनी दहा मिनिटे सोडावीत आणि त्या वेळी राऊटरच्या कीबोर्डावर टंकलेले अक्षर लगेच उमटते का, ते संस्थेच्याच माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. एवढ्यासाठी कोणी तज्ज्ञ लागत नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पणजी व डिचोलीची तंत्रनिकेतने यांतील विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पांसाठी विषय हवे असतात. बाजारात मिळणारी दहा-बारा कार्डे घ्यावीत, एकाच संगणकात एकेक बसवून लहान आणि मोठ्या पॅकेटांवर मोजावीत, आणि निकाल मराठीत व कोकणीत जाहीर करावा. असा एक तक्ता गोव्यातील प्रत्येक शाळेच्या कामी येईल. कोणत्याही विभागाने किंवा विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतल्यास माझ्याकडची जुनी-नवी मिळून सात कार्डे आणि त्यांवर गेल्या काही वर्षांत केलेल्या मोजण्यांच्या वह्या मी आनंदाने त्यांच्या स्वाधीन करीन. आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त संगणक शिक्षक
फोंडा, गोवा